बूट बदलले, फरशी तीच राहिली

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे ज्यांची टाच अशीच दुखते त्यांनाही पुढचं लागू पडतं का ते कळेल. वय ४६, बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. चौदा महिन्यांपासून उजवी टाच दुखते. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की खिळा टोचल्यावाणी कळ येते, दहा-पंधरा पावलं लंगडत गेलं की सैल पडतं आणि शाळेतून घरी आल्यावर पुन्हा ठणका. एक्स-रेत ‘हाड वाढलंय’ निघालं. गोळ्या झाल्या, विटेचा शेक झाला, जाऊबाईंनी सांगितलं म्हणून बिब्बाही लावून झाला, दोन महागडे बूट घेऊन झाले. आता टाचेत इंजेक्शन घ्या म्हणतात. आणि नवरात्रात तुम्ही नऊ दिवस अनवाणी असता, ते सोडायचं नाही.

मी लातुरात चोवीस वर्षं फिजिओथेरपी करते. शाळेतल्या बाई, एसटीचे कंडक्टर, मोंढ्यातले हमाल आणि ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या गृहिणी, या चौघांच्या टाचांवरच माझा दवाखाना चालतो असं घरचे म्हणतात. फार खोटं नाही ते.

तुम्ही लिहिलेल्यात मला सगळ्यात कामाचं वाटलेलं वाक्य तुम्ही जाता जाता टाकलंय: “घरात मी चप्पल कधीच घालत नाही.” आता हिशेब करा. शाळेत आणि जायला-यायला मिळून बूट पायात असतात सात तास. सकाळी साडेपाचला उठून रात्री साडेदहाला झोपता, म्हणजे उरलेले दहा तास तुम्ही अनवाणी. त्यातले तीन-चार तास ओट्यापाशी एका जागी उभ्या. सगळा पैसा त्या सात तासांवर गेला आणि दहा तासांना कुणी हातच लावला नाही.

“आमची आजी जन्मभर अनवाणी होती, तिची टाच कधी दुखली नाही,” हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. खरं आहे. पण आजी चालायची ती शेणानं सारवलेल्या जमिनीवर आणि रानातल्या काळ्या मातीत. ती जमीन पावलाखाली थोडी दबते. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या लातूर-धाराशिवकडच्या कितीतरी गावांतली दगडमातीची घरं गेली आणि सिमेंटची आली. बाकी मराठवाड्यातही घरकुलात आधी कोबा, मग शहाबादी, आता चकचकीत टाइल. पाय आजीसारखेच आहेत, खालची जमीन बदलली. शिवाय आजी दिवसभर हालत असायची. बसणं उकिडवं, त्यामुळे पोटऱ्या आपोआप ताणल्या जायच्या. आपण उभ्या राहतो त्या खांबासारख्या.

आता दुखतंय काय ते. तळपायात टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड, चिवट पट्टा जातो. पावलाची कमान तो खालून धरून ठेवतो. टाचेच्या हाडाला तो जिथे चिकटलेला असतो, साधारण टाचेच्या आतल्या बाजूला जरा पुढे, तिथे रोजच्या ओढीनं त्याचे तंतू झिजतात. झोपेत पंजा पुढे झुकलेला राहतो, त्यामुळे पट्टा आणि पोटरी दोन्ही आखडतात, आणि सकाळच्या पहिल्या पावलाला अख्खं वजन एकदम त्या दुखऱ्या जागेवर ओढ देतं. तुमचा खिळा तो हाच. डॉक्टर प्लांटर फॅसायटिस म्हणतात. नावात सूज आहे, पण वर्षभर दुखणाऱ्या टाचेत सूज थोडी आणि झीज जास्त असते, म्हणून सुजेच्या गोळ्या पोटात आग पाडतात आणि टाचेला फारसं काही देत नाहीत. सुश्रुतानं पाऊल वेडंवाकडं पडून होणारं ‘वातकंटक’ नावाचं दुखणं सांगितलंय, ते याच्या अगदी जवळचं. तिथेही काटाच आहे.

वाढलेल्या हाडाची भीती मात्र काढून टाका. ते हाड खाली जमिनीकडे टोचत नसतं, पुढे बोटांच्या दिशेनं गेलेलं असतं. ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा अनेकांच्या एक्स-रेत ते दिसतं, आणि दुखणं थांबल्यावरही ते तिथेच असतं. माझ्या स्वतःच्या पायात आहे, डाव्या टाचेत. दुखली होती ती उजवी.

पण घरी उपाय करायच्या आधी दुखणं हेच आहे ना, ते बघून घ्या. पलंगावर बसून अंगठ्यानं टाचेच्या आतल्या-पुढच्या कडेला जोरात दाबा. तिथेच नेमकी कळ आली तर बहुधा हेच. दुखणं टाचेच्या अगदी मधोमध, कडक फरशीवर जास्त, आणि वय साठीच्या पुढे असेल तर टाचेखालची चरबीची गादी पातळ झालेली असते. तिला व्यायामापेक्षा मऊ आधार लागतो. टाच दोन्ही तळहातांत धरून दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळवळलात तर हाडाला बारीक चीर असू शकते, मग व्यायाम नको, आधी डॉक्टर. अंगठ्याचा सांधा रातोरात लालबुंद होऊन पांघरूणाचा स्पर्शही नकोसा झाला तर युरिक ॲसिड तपासा. तिशीच्या आतबाहेरच्या मुलाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही अर्धा-एक तास आखडलेली असते, तर तो टाचेचा आजार नाही, मणक्याच्या संधिवाताची शंका घ्यावी लागते. विडी ओढणाऱ्या माणसाची चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की उतरते, ते रक्तवाहिनीचं. चिकनगुनिया होऊन गेलेल्यांचे घोटे आणि पावलं महिनोन्महिने दुखतात. २००६ च्या साथीनंतर आमच्याकडे गावंच्या गावं लंगडत होती.

आणि साखर. तुम्ही मधुमेहाबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून मुद्दाम विचारते. तळव्याची आग, मुंग्या, रात्री जास्त त्रास, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, असं काही असेल तर ते नसांचं दुखणं आहे आणि पुढे लिहिलेला एकही शेक तुमच्यासाठी नाही. साखरेची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्वही तपासून घ्या, ती गोळी ते कमी करते.

आता घरगुती उपाय. वीट तापवायची, तिच्यावर रुईचं पान ठेवायचं आणि टाच दाबून धरायची, हा आपल्याकडचा सगळ्यात लाडका उपाय. बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. उबेनं आखडलेलं सैल होतं. पण विटेला काटा नसतो, ती किती तापली हे कळायला तुमचा तळवाच आहे. एक आजोबा आले होते, सत्तरीचे, साखर जुनी. नातवानं भक्तिभावानं वीट चुलीवर ठेवली, आजोबांनी पाय ठेवला आणि दहा मिनिटं ठेवूनच बसले, कारण त्यांना काही कळलंच नाही. पान काळं पडल्याचा वास आला तेव्हा सून धावत आली. टाचेवर तळहाताएवढा फोड होता, तो भरायला चार महिने गेले आणि त्या चार महिन्यांत मूळ टाचदुखीचं नावही कुणी काढलं नाही. रुईच्या चिकाचं वेगळंच, तो कातडीला पोळतो आणि डोळ्यात गेला तर फार वाईट. शेक हवाच असेल तर बादलीत कोमट पाणी घ्या, हाताचं कोपर बुडवून बघा, संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं पाय सोडून बसा. मीठ टाका नाहीतर टाकू नका, काम पाण्याची ऊब करते. आणि शेक टाचेपेक्षा पोटरीला जास्त उपयोगी पडतो, हे कुणी सांगत नाही.

बिब्बा पुन्हा लावू नका. त्याचं तेल कातडी जाळतं, फोड आणतं. एका दुखण्यावरून लक्ष उडवायला दुसरं मोठं दुखणं, एवढाच त्याचा गुण. टाचेला डाग देणं, चटका देणं, हेही त्याच पंगतीतलं.

तेलाबद्दल लोक भांडतात. करडईचं, तिळाचं, एरंडेल, निर्गुडीचा पाला उकळून केलेलं. करडई आता आपल्याकडे पेरतो कोण, सोयाबीननं रान खाल्लं. पण घरात असेल तर तेच घ्या. चोळणारा अंगठा काम करतो, तेल फक्त तो सरकवतं. काशाची वाटी तळपायाला घासायची पद्धत मला आवडते, झोप छान लागते. टाच त्यानं बरी होत नाही, पण झोप हाही उपायच आहे. कोकमाचं तेल भेगांना उत्तम, भेगा खोल असतील तर त्याही दुखतात, तो वेगळा हिशेब. चोळून झाल्यावर तळवे पुसल्याशिवाय मात्र टाइलवर उतरू नका.

शाळेतून आल्यावरच्या ठणक्याला थंड जास्त चांगलं. पाण्याची बाटली पाऊणपर्यंत भरून फ्रीजरमध्ये ठेवा, वर नॅपकीन गुंडाळा, खुर्चीवर बसून तळव्याखाली मागेपुढे लाटण्यासारखी फिरवा. पाच ते दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. ज्या दिवशी लाइट नसेल त्या दिवशी माठातल्या पाण्यात पाय सोडा. काट्यांच्या ॲक्युप्रेशर चपला मात्र कुणाला तरी देऊनही टाकू नका, फेकून द्या.

इथवरचं सगळं आराम देणारं होतं. बरं करणारं आता येतं आणि ते कंटाळवाणं आहे.

सकाळी डोळे उघडले की पाय लगेच खाली टेकवायचा नाही. पलंगावरच बसून दुखरं पाऊल दुसऱ्या गुडघ्यावर घ्या. हातानं पाचही बोटं धरून नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तळवा चाचपून बघा, पट्टा ताणलेल्या सुतळीसारखा लागायला हवा. दहा आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. मग पाय टेकवा, तोही चपलेत. चप्पल रात्रीच पलंगाशी अशी लावून ठेवा की पहिलं पाऊल तिच्यातच पडेल. हेच दुपारी शाळेत मधल्या सुट्टीनंतर उठण्याआधी आणि संध्याकाळी टीव्हीसमोरून उठण्याआधी करा. मोठ्या बैठकीनंतरचं पहिलं पाऊल हे सकाळच्याच पावलाचं भावंड आहे.

भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. दुखरा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ, तीस सेकंद. मग तसंच उभं राहून मागचा गुडघा थोडा वाकवा, टाच उचलू न देता, आणखी तीस सेकंद. पोटरीचे स्नायू दोन आहेत आणि दुसरा वाकलेल्या गुडघ्यातच ताणला जातो. बहुतेक जण पहिलाच प्रकार करतात आणि “मॅडम, रोज करतेय, फरक नाही” म्हणतात. दोन्ही तीन-तीन वेळा.

तिसरा व्यायाम मी गेली काही वर्षं सगळ्यांना देते आणि सगळे आधी त्याला घाबरतात. जिन्याच्या पायरीवर पुढच्या चवड्यावर उभं राहायचं, टाच बाहेर. बोटांखाली नॅपकीनची घट्ट गुंडाळी, म्हणजे बोटं वर उचललेली राहतील आणि तळव्याचा पट्टा ताणला जाईल. कठड्याला धरा. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद वरच, तीन सेकंदांत खाली. सुरुवात दोन्ही पायांवर, बारा वेळा, तीन फेऱ्या. सोपं वाटायला लागलं की एका पायावर. मग पाठीवर दप्तर घ्या, त्यात पुस्तकं भरा. शिक्षिकेच्या घरी पुस्तकांना काय तोटा. एक दिवसाआड करायचं, रोज नाही, कारण झिजलेल्या तंतूंना मधला दिवस लागतो. डेन्मार्कमध्ये हाच व्यायाम नुसत्या ताणण्याशी तुलना करून तपासला, तेव्हा तीन महिन्यांनी वजन देणाऱ्यांची टाच जास्त सुधारलेली होती. करताना थोडं दुखेल, ते चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळचा खिळा वाढलेला असेल तर तेवढ्या फेऱ्या कमी करा, थांबू नका.

फरक किती दिवसांत? सहा-आठ आठवडे काहीच घडत नाहीये असं वाटेल. पहिली खूण अशी असते की सकाळी पंधरा पावलांऐवजी आठ पावलांतच सैल पडलं. ती पावलं मोजत जा, ठणका किती ते मोजू नका, ठणका रोज खोटं बोलतो. ज्यांना हे दुखणं होतं त्यांच्यातल्या दहापैकी आठ-नऊ जणांचं ऑपरेशनशिवायच वर्षभरात बरं होतं. तुमचे चौदा महिने झाले, पण त्यातला एक महिनाही असा गेलेला नाही ज्यात फरशी आणि पोटरी दोन्हींकडे लक्ष होतं.

वजन कमी करा हे तुम्हाला सगळ्यांनीच सांगितलं असेल. दहा किलो जास्त असतील तर टाचेला ते प्रत्येक पावलाला कळतं, खरं आहे. फक्त त्यासाठी सकाळी डांबरी रस्त्यावर पाच किलोमीटर फिरू नका. टाच बसेपर्यंत सायकल चालवा, घरात सूर्यनमस्कार घालत असाल तर सतरंजीवर घाला.

आता चप्पल. इथे मी जरा लांबते, कारण दुकानदार सगळ्यात जास्त इथेच फसवतात.

मोंढ्यातले एक हमाल आले होते. पन्नास किलोची पोती पाठीवर, दिवसभर फळी चढउतर. मी पाय बघायच्या आधी त्यांची चप्पल मागितली. “म्याडम, दुखायलाय पाय, तुम्ही चपलीला काय बघायलाव?” टेबलावर उलटी ठेवली. हवाई चप्पल, टाचेपाशी बोट बसेल एवढा खड्डा पडलेला, बाहेरची कड घासून कागदासारखी पातळ, आणि पुढे अंगठ्याच्या खाली रबरात अंगठ्याचा ठसा कोरल्यासारखा. तो ठसा सांगत होता की चप्पल पायात राहावी म्हणून हा माणूस प्रत्येक पावलाला बोटांनी तिला पकडतोय. बोटं पकडतात तेव्हा तळव्याचा पट्टा ओढला जातो. दिवसाला काही हजार वेळा. त्यांना मी दुसरं काही दिलं नाही, मागे पट्टा असलेली सॅंडल घ्यायला लावली आणि पायरीवरचा व्यायाम शिकवला. तिसऱ्या महिन्यात ते सांगायला आले, तेही दुसऱ्याच कुणाची टाच दाखवायला आले म्हणून.

तर पहिली अट, मागे पट्टा. नुसता अंगठा अडकवायची चप्पल कितीही मऊ असली तरी नको.

दुकानात गेल्यावर किंमत आणि ‘ऑर्थो’, ‘डॉक्टर’ अशी अक्षरं बघू नका, ती कुणीही छापतो. चप्पल हातात घ्या. दोन्ही टोकं धरून वाकवा: बोटांपाशी, जिथे पाऊल मुडपतं तिथेच वाकली पाहिजे. मधोमध वाकली तर परत ठेवा. मग धुणं पिळल्यासारखी पिळा. सहज पीळ बसला तर तीही परत. बंद बूट असेल तर मागची टाचेची कड अंगठ्यानं आत दाबा, ती दबून बसता कामा नये. टाचेच्या जागी अंगठा रोवून बघा: थोडा आत जावा आणि सोडल्यावर रबर लगेच वर यावं. अंगठा तळाला जाऊन टेकला तर तो फोम दुकानात लोण्यासारखा लागेल आणि महिनाभरात पापड होईल. तुमच्या दोन महागड्या बुटांपैकी एक बहुधा याच जातीचा असणार.

टाच चवड्यापेक्षा साधारण एक ते दीड सेंटिमीटर उंच हवी. उंच टाच वाईट हे सगळ्यांना माहीत आहे, पण अगदी सपाटही तेवढीच वाईट, कारण आखडलेल्या पोटरीला सपाट चपलेत वाव मिळत नाही. कोल्हापुरीचं तेच आहे. देखणी चप्पल, पण सपाट आणि खाली कडक चामडं. लग्नकार्यात दोन तास घाला. रोज घालायचीच असेल तर मोच्याकडून टाचेखाली रबराचा एक थर लावून घ्या. रानात टायरच्या चपला घालणाऱ्यांना मी त्या सोडा म्हणत नाही, बाभळीच्या काट्यापुढे दुसरं काही टिकत नाही. आतून एक फोमची पट्टी चिकटवून घ्या म्हणते. लग्नासाठी म्हणून कपाटात जपून ठेवलेल्या पीयू (पॉलियुरेथेन) सोलच्या सॅंडल चार-पाच वर्षांनी पायात घालताच भुगा होतात, हेही जाता जाता सांगून ठेवते. चप्पल जपून टिकत नाही, तिचं वय होतं.

खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. घरून कागदावर उभं राहून पावलाची रेघ मारून न्या. चप्पल त्या कागदावर ठेवली की रेघ बाहेर दिसायला नको. दोन्ही पायांत घालून दुकानातल्या फरशीवर पाच मिनिटं चाला, गालिच्यावर नाही. “वापरून वापरून सैल होईल” हे दुकानदाराचं वाक्य ऐकलं की उठा.

मऊ चपलेचं खरं शहाणपण आपल्याकडे कुष्ठरुग्णांच्या पायांतून आलंय. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बधिर पायांना जखमा का होतात याचा पिच्छा पुरवला आणि त्यातून एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला रुजल्या. आत मऊ रबर, खाली टणक सोल, मागे पट्टा, खिळे कुठेच नाहीत. आज मधुमेहाच्या रुग्णांना आम्ही त्याच देतो. दिसायला साध्या असतात म्हणून लोक नाक मुरडतात. तुमची साखर असेल तर दुसरं काही शोधू नका. बाजारातले सिलिकॉनचे टाचेचे कप चरबीची गादी पातळ झालेल्यांना फार उपयोगी, तुम्हाला थोडे. घ्याल तर दोन्ही पायांत घाला, एकाच पायात घातला तर महिन्यानं कंबर दाखवायला याल.

आणि घरातली चप्पल. सासूबाई काय म्हणतील, देवघराचं काय, हे प्रश्न मला माहीत आहेत, माझ्याही घरात झाले. एक जोड वेगळा आणा, जो उंबरठ्याबाहेर कधीच जाणार नाही. धुता येईल असा, मागे पट्ट्याचा. देवघरापाशी काढा, तिथे आसनावर बसायचंच असतं. ओट्यापाशी चप्पल नकोच असेल तर जुनी वाकळ चौघडी करून खाली टाका, सरकू नये म्हणून तिच्याखाली रबरी जाळी. एक पाय पाटावर, दुसरा खाली, दहा मिनिटांनी बदला. शाळेत फळ्यापाशीही तेच, आणि खुर्चीवर बसून शिकवलं म्हणून कुणी पगार कापत नाही.

इंजेक्शनबद्दल. स्टिरॉइडचं असेल तर काही आठवड्यांपुरता चांगला आराम पडतो, पण तो बहुतेकदा टिकत नाही. वारंवार घेतलं तर टाचेखालची चरबी विरते आणि क्वचित पट्टाच तुटतो. माझा सल्ला, वर लिहिलेलं सगळं तीन महिने मनापासून करा, मग विचार करा. टाच टेकवणंच अशक्य झालं असेल आणि तुमचे अस्थिरोगतज्ज्ञ एकदा घ्या म्हणत असतील, तर एकदा घेणं गुन्हा नाही. फक्त आराम पडलेल्या त्या आठवड्यांत व्यायाम सुरू झाला पाहिजे, नाहीतर ते पैसे पाण्यात.

राहिलं नवरात्र. संकल्प नेमका कशाचा आहे ते आधी स्वतःला विचारा. आमच्याकडे बऱ्याच बायका चामडं घालत नाहीत, कापडाची-रबराची सॅंडल त्यांना चालते. तुमचं तसं असेल तर प्रश्नच मिटला. नसेल, पायात काहीच नको असेल, तर घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पट्टी लावून घ्या. न ताणणारी, दीड इंच रुंदीची कापडी चिकटपट्टी. पाऊल काटकोनात धरून अंगठ्याच्या मुळापासून टाचेला मागून वळसा घालून करंगळीच्या मुळाशी आणायची, मग तळव्याखालून बाहेरून आत अशा दोन-तीन आडव्या पट्ट्या कमानीला उचलून धरतील अशा. वरच्या बाजूनं पाऊल पूर्ण वेढायचं नाही, रक्त अडतं. पहिल्यांदा कुणाकडून तरी शिकून घ्या. दोन दिवसांनी बदलायची, कातडीला खाज किंवा फोड आला तर लगेच काढायची, आणि साखर असलेल्यांनी लावायचीच नाही. अशा पट्टीनं सकाळची कळ आठवडाभरापुरती बरीच हलकी होते. नवरात्राला तेवढंच तर हवंय. शाळेचा रस्ता रिक्षानं करा. दुपारी बारानंतर तापलेल्या डांबरावर पाय नको.

कोजागरीला तुळजापूरला पायी जायचं असेल तर या वर्षी एसटीनं जा. महाद्वारातून आत गेल्यावर दगडी पायऱ्या उतराव्या लागतात. उतरताना दुखरा पाय आधी खाली, पूर्ण पाऊल टेकवून. परत चढताना चांगला पाय आधी वर. आणि गर्दी मागून लोटत असेल तर बाजूला व्हा, कठडा धरा, त्यांना जाऊ द्या.